अवसेची भरती

पक्षी धरणाऱ्याला तिथी पाठ असते. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितके वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्येला आणि पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास, आणि ती उधाणाची, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढवणारी. भरत्या दिवसातून दोन. त्यामुळे अवसेला एक भर दुपारी येते आणि दुसरी मध्यरात्री. दुपारच्या भरतीचा पक्षी धरणाऱ्याला फारसा उपयोग नाही. मध्यरात्री मात्र पाणी आणि अंधार एकदमच जुळून येतात आणि ताणलेलं जाळं पक्ष्याला दिसत नाही.

पाण्याचा आणि जाळ्याचा हा संबंध समजून घ्यायला गोडदेवसारखी जागा बरी. भाईंदर पूर्वेतलं हे मूळचं गाव आज बहुतेकांना नाक्याचं नाव म्हणूनच माहीत आहे. नवघर, खारीगाव, गोडदेव ही गावं एकमेकांत मिसळून गेली. 1985 साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका झाली आणि तेवढ्या काळात शेतं आणि मिठागरं यांच्या अगदी कडेपर्यंत इमारती येऊन भिडल्या. तरी उत्तरेला वसईची खाडी आहे, तिच्या काठानं कांदळवन आहे आणि मिठागरांचे बांध अजून ओळखू येतात. लोकल भाईंदरहून नायगावकडे निघाली की पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना ही खाडी दिसते. थंडीत पुलावरून जाताना डब्याच्या दारातले लोक कुरव पक्ष्यांना शेव-गाठी फेकतात. ते कुरव पाहुणे आहेत एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच खाडीच्या चिखलात त्यांच्याहून लहान, मातकट रंगाचे जे हजारो पक्षी चरत असतात, त्यांच्याकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. ते उडाल्याशिवाय दिसतच नाहीत.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, टिलवे, शेकाटे त्यावर पसरतात. चिखलात चोच खुपसून किडे, गोगलगाई, चिमुकले खेकडे वेचतात. भरती चढू लागली की हे ताट झाकलं जातं. मग त्यांना चार-पाच तास थांबायला कोरडी, उघडी, चहूकडून नजर पोचेल अशी जागा हवी असते. कांदळवनाच्या झाडीत ते शिरत नाहीत, कारण तिथं शत्रू कुठून येईल ते कळत नाही. मिठागराचा बांध त्यांना नेमका सोयीचा पडतो. पाऊस संपल्यावर उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतलेलं खारं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत तापवतात. त्या उथळ पाण्यात किड्यांची आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांची पैदास होते, म्हणजे थांबल्या जागी थोडं खायलाही मिळतं. एरवी काही किलोमीटर चिखलावर विखुरलेले पक्षी भरतीच्या वेळी एखाद्या बांधावर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. धरणाऱ्याला त्यांच्यामागे धावावं लागत नाही. भरतीच त्यांना गोळा करून आणते. त्यानं फक्त बांध ओळखायचा आणि तिथी.

यातला छोटा टिलवा पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याची वीण रशियाच्या अगदी उत्तरेकडच्या, आर्क्टिकच्या काठावरच्या टुंड्रात होते. आपल्याकडे तो सरत्या पावसाळ्यात येतो आणि वसंत संपता संपता परततो. तिथपासून इथपर्यंतचा हा सारा प्रदेश 'मध्य आशियाई उड्डाणमार्ग' नावाच्या पट्ट्यात मोडतो. तीस देश आणि पाणपक्ष्यांच्या 182 जाती या मार्गावर आहेत. एका देशात जाळं लागलं की बाकीच्या एकोणतीस देशांतली राखण तेवढ्यापुरती वाया जाते, ही या पाहुण्यांची खरी अडचण.

जाळं म्हटलं की आपल्याला गोष्टीतला पारधी आठवतो, तांदूळ टाकणारा. आजचं जाळं बहुधा मासेमारीचंच असतं. नायलॉनचं, तंगुसाचं, बाजारात उघड मिळणारं आणि वापरून टाकलेलं तर फुकटच. दोन काठ्यांमध्ये ते उभं ताणलं की झालं. शिवाय फासे आहेत, वड-पिंपळाच्या चिकापासून केलेला लासा आहे, कीटकनाशकात भिजवलेलं धान्य आहे. मोबाइल आल्यापासून ध्वनिमुद्रित हाक वाजवून लाव्ह्यांसारख्या पक्ष्यांना खाली उतरवण्याची युक्तीही जगभर पसरली आहे. विषाचा प्रकार मला सगळ्यांत ओंगळ वाटतो. ते मांस विकत घेणाऱ्याच्या पोटातही तेच विष जातं आणि मेलेला पक्षी खाणाऱ्या घारी-कुत्र्यांच्याही.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या मुद्दाम रुंद केलेली आहे. मारणं तर आलंच. पण पकडणं, फास लावणं, सापळा मांडणं, आमिष दाखवणं, यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं आणि पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणंसुद्धा शिकारच. म्हणजे जाळ्यात एकही पक्षी नसला तरी पक्ष्यांसाठी जाळं मांडणारा गुन्हाच करत असतो. 2022 च्या दुरुस्तीनं दंडाची कमाल रक्कम पंचवीस हजारांवरून एक लाखावर नेली. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. याच दुरुस्तीनं 'उपद्रवी' प्राण्यांचं वेगळं परिशिष्ट काढून टाकलं. त्यात उंदीर-घुशींबरोबर आपला गावकावळाही होता, म्हणजे पितृपक्षात ज्याची वाट पाहायची त्याला बाकीचं वर्ष कायद्याचं कवच नव्हतं!

कायदा स्पष्ट असूनही जाळी लागतात, कारण वनरक्षक मोजके आणि किनारा लांब. अवसेच्या मध्यरात्री कुठल्या बांधावर जायचं हे वनरक्षकाला कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं? स्वयंसेवकाची जागा नेमकी इथे आहे. पण तिथं पोचण्याआधी त्याच रात्री, तशीच जाळी घेऊन बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या एका मंडळीची ओळख करून घ्यायला हवी.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, 1883 साली मुंबईत स्थापन झाली. पक्ष्यांच्या पायात वळी घालून त्यांचा प्रवास शोधण्याचं मोठं काम तिनं पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या पुढाकारानं 1959 पासून हाती घेतलं. त्यामागचं निमित्त मजेशीर आहे. 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडतापाची साथ आली. तिचा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. मग शंका आली की गोचीड अंगावर घेऊन हा रोग पक्ष्यांनीच तर आणला नाही? ती शंका तपासायला जागतिक आरोग्य संघटनेनं पैसा दिला. पक्षी निर्दोष ठरले, पण त्या पैशातून हजारो पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची वळी गेली. वळ्यावर बीएनएचएसला कळवा असा इंग्रजी मजकूर आणि एक क्रमांक. दूर मध्य आशियात कोणी बदक मारलं, त्याच्या पायात हे वळं सापडलं आणि त्यानं ते कळवलं की आपल्याला एका पक्ष्याचा रस्ता कळायचा. पक्ष्यांच्या स्थलांतराचं आपलं बरंचसं जुनं ज्ञान असं शिकाऱ्यांच्या पत्रांतून आलेलं आहे, हे पक्षिप्रेमींना जरा अवघड वाटतं.

वळं घालायचं तर पक्षी जिवंत आणि धडधाकट हाती यायला हवा. ती कला विद्यापीठात शिकवत नाहीत. बीएनएचएसनं ती बिहारच्या मीरशिकार समाजातून आणली. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून विकणारा हा समाज. त्यातला अली हुसेन संस्थेच्या कामात आला आणि भरतपूर, पॉइंट कॅलिमियर अशा ठिकाणी त्यानं शास्त्रज्ञांना हवे ते पक्षी धरून दिले. कुठला पक्षी कुठून उतरेल, कुठल्या हाकेला फसेल, फासाची गाठ किती सैल ठेवली की पाय मोडणार नाही, हे त्याला येत होतं. त्याचं ज्ञान तेच राहिलं. पक्षी बाजारात जाण्याऐवजी वळं घालून परत आकाशात जाऊ लागला, एवढंच बदललं.

भरतपूरचं नाव आलंच आहे तर एक तारीख सांगून टाकतो. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत तिथं एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तो आकडा दगडावर कोरून ठेवलेला आहे. 12 नोव्हेंबर हा सालिम अलींचा वाढदिवस. त्या दिवशी ते बेचाळीस वर्षांचे झाले.

स्वयंसेवकांना जाळ्यांचं काय करता येतं हे आपल्या देशानं ज्या घटनेतून पाहिलं, ती घडली गोडदेवपासून फार लांब, नागालँडमध्ये. पण त्यात एक मराठी नाव आहे आणि तो पक्षीही पुढे आपल्याच डोक्यावरून जातो. ऑक्टोबर 2012 मध्ये रामकी श्रीनिवासन, मुंबईकडचे पक्षी-अभ्यासक शशांक दळवी, रोकोहेबी क्वोत्सू आणि पत्रकार बानो हरालू हे वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयावर गेले. अमूर ससाणा हा दीडशे ग्रॅमचा शिकारी पक्षी सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेला जाताना तिथं लाखोंनी उतरतो. पांगती आणि शेजारच्या गावांतल्या लोकांनी जलाशयाकाठच्या झाडांमध्ये जाळी टांगली होती, तीही मासेमारीची. संध्याकाळी उतरणारे आणि पहाटे उठणारे ससाणे त्यात आपोआप अडकत. या मंडळींनी ते चित्रित केलं आणि मोजलं. दिवसाला बारा ते चौदा हजार पक्षी. हंगामाचा अंदाज एक लाख वीस हजार ते एक लाख चाळीस हजार.

त्यांनी जाळं स्वतः कापलं असतं, धरणाऱ्यांशी हातघाईवर आले असते, तर बहुधा दुसऱ्या दिवशी पाहायला तिथं कोणी उरलं नसतं. त्यांनी आकडा आणि चित्रं बाहेर आणली. प्रशासन हललं, जाळी उतरली. खरं काम पुढच्या वर्षात झालं. गावसभा, चर्च, शाळांमधले निसर्गगट, सगळीकडे बोलणं झालं. बोलायला पुढे होत्या बानो हरालू, म्हणजे त्याच मातीतल्या. 2013 च्या हंगामात पांगतीत एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच नोव्हेंबरात तिथल्या तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवली गेली आणि त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. 'नागा'नं साडेपाच हजार किलोमीटरांहून जास्त अंतर साधारण साडेपाच दिवसांत न थांबता कापलं. हे ससाणे दख्खन ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात. लोणावळ्याच्या आसपास हिवाळ्याच्या तोंडाला ते पाहायला आपले लोक दुर्बिणी घेऊन बसतात. त्यांतले किती पांगतीची जाळी उतरल्यामुळे इथवर पोचले असतील, याचा विचार तिथं बसल्यावर मनात येतोच.

पांगतीची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथं थांबतात. ते मला पटत नाही. त्या पक्ष्यांवर गावाची काही हंगामांची कमाई होती, ती गेली. पर्यटक आले ते वर्षातले काही आठवडेच. जाळी उतरवणाऱ्या गावकऱ्यांनी हा तोटा सोसला. त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर पक्ष्यांची राखण केली, कारण पक्षी कुठे उतरतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

उजनी जलाशयाच्या काठी भिगवणजवळ, कुंभारगाव-डिकसळला हेच आपल्या चालीनं घडलेलं दिसतं. तिथले मच्छीमार हिवाळ्यात होड्यांतून लोकांना रोहित पक्षी दाखवायला नेतात. पाणी किती, पक्षी आज कुठे, वारा फिरला की ते कुठे सरकतील, हे सांगणारा माणूस तोच, ज्याच्या घरात जाळं आहे. पक्षी जिवंत असण्यात त्याची मजुरी आहे. अशा पाण्यावर रात्री कोणी परका आला तर ती बातमी सकाळपर्यंत थांबत नाही.

युरोपातलं एक उदाहरण वेगळ्या कारणासाठी घ्यावंसं वाटतं. सिसिली आणि इटलीची मुख्य भूमी यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीवरून वसंतात मधुबाजासारखे शिकारी पक्षी जातात. तिथल्या पुरुषांत एक समजूत होती. वर्षात एक तरी मधुबाज पाडला नाही तर बायको दुसऱ्याबरोबर जाते. 1981 साली आना जोर्दानो या पंधरा वर्षांच्या मुलीनं हे पाहिलं आणि ती टेकडीवर जाऊन बसू लागली. पुढे देशोदेशीचे तरुण तिच्यासोबत तळ ठोकून राहू लागले. काम काय, तर उजाडल्यापासून मावळेपर्यंत बंदुकीचे बार मोजायचे, वेळ लिहायची, पोलिसांना कळवायचं. तिची गाडी जाळण्यात आली. तरी वही बंद झाली नाही आणि बार वर्षागणिक कमी होत गेले. 1998 साली तिला गोल्डमन पुरस्कार मिळाला. भूमध्य समुद्राच्या परिसरात बेकायदा मारल्या किंवा धरल्या जाणाऱ्या पक्ष्यांची संख्या वर्षाला एक कोटी दहा लाख ते तीन कोटी साठ लाख असावी, असा अंदाज 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यामागे अशा मोजणीचाही आधार आहे. कोणी तरी पाहतं आहे हे कळल्यावर चोरटी शिकार मंदावते, हे माल्टा-सायप्रसपर्यंत अशा तळांवर दिसलं आहे.

आता गोडदेवला परत येऊ. इथला स्वयंसेवक म्हणजे बहुधा नोकरी-कॉलेज सांभाळणारा, रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन खाडीकडे जाणारा माणूस. तो जातो सकाळी सातला, त्याला सोयीची वेळ म्हणून. पहिला बदल तिथं हवा. तिथी पाहून, दिवसाच्या भरतीच्या तासभर आधी पोचायचं. मग कुठले बांध पक्षी वापरतात ते दोन-तीन महिन्यांत समजतं. दिवसा जे बांध भरतात, साधारण तेच रात्री भरतात. शिकाऱ्यालाही एवढंच माहीत असतं. अवसेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत त्या बांधांवरून एक फेरी मारली की ताज्या रोवलेल्या काठ्या, बांधून ठेवलेली दोरी, पिसांचा पुंजका, पसरलेलं धान्य हे दिवसाउजेडीही दिसू शकतं. रात्री एकट्यानं तिथं जाऊ नये. मिठागराच्या जमिनी कोणाच्या तरी ताब्यात असतात, त्यामुळे परवानगीशिवाय आत शिरणंही बरं नाही. आणि पकडापकडी हे आपलं काम नव्हेच, तो अधिकार वनखात्याचा आणि पोलिसांचा. लांबून फोटो, जागा, वेळ एवढं घेऊन वनविभागाच्या 1926 या क्रमांकाला कळवायचं. जिल्ह्याचे मानद वन्यजीव रक्षक कोण आहेत हे आधीच माहीत करून ठेवलेलं बरं. ऐन वेळी शोधाशोध होते.

जाळ्यात जिवंत पक्षी दिसला की सगळं शहाणपण विसरून माणूस तो ओढायला धावतो. ओढल्यानं दोरा पंखाच्या सांध्यात रुततो. शक्य असेल तर जाणकार येईपर्यंत पक्ष्यावर सुती कापड टाकून अंधार करावा, त्यानं तो शांत होतो. सोडवायचाच झाला तर तो कुठल्या बाजूनं शिरला ते आधी पाहायचं, पाय मोकळे करायचे, नंतर पंख, आणि गुंता सुटत नसेल तर जाळं कापायचं. नंतर भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका. चोचीत पाणी ओतायचं नाही.

फोटोंबद्दल थोडं कडू बोलायला हवं. दुर्मीळ पाहुणा आला की त्याच दुपारी त्याचा फोटो ठिकाणासकट समाजमाध्यमांवर जातो. पक्षी धरणाऱ्याकडेही स्मार्टफोन असतो. शिवाय रोहितांचा थवा उडालेला चांगला दिसतो म्हणून होडी त्यांच्यावर घालणारा छायाचित्रकार मला जाळेवाल्याचा दूरचा भाऊबंदच वाटतो. भरतीत विसावलेला पक्षी पुन्हा पुन्हा उडवला की लांबच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथंच जळते.

आणि बोट कोणाकडे दाखवायचं, हाही प्रश्न आहे. शिकार म्हटलं की आपल्याकडे नजर फासेपारध्यांकडे वळते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अशा समाजांना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. 1952 साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, नजरेतून गेला नाही. मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची कितीतरी माहिती पारध्यांसोबत रानोमाळ फिरून मिळवली, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. विदर्भात अकोला-वाशीमकडे याच समाजातल्या लोकांनी तणमोर पक्ष्याच्या माळरानांची राखण केल्याचं उदाहरण आहे. शहराच्या कडेला छऱ्याची बंदूक घेऊन मौजेखातर बगळे-बदकं पाडणारा हौशी माणूस मात्र संशयाच्या यादीत सहसा नसतो. आणि 'रानातलं' म्हणून जास्त पैसे मोजणारं गिऱ्हाईक तर कधीच नसतं. गोडदेवच्या स्वयंसेवकानं बांधावर जायच्या आधी चौकशी करावी ती याची. हे मांस जातं कोणाच्या ताटात?

मिठागरावर काम करणारी माणसं, कोळी, आगरी, खाडीत खेकडे धरणाऱ्या बाया यांच्याशी ओळख नसेल तर दुर्बीण कितीही महाग असली तरी उपयोग कमी. बांधावर रात्री बॅटरी हलली हे आधी त्यांना कळतं. त्यांच्याशी पहिली भेट तक्रार घेऊन नसावी. ऑक्टोबरात मिठाचं काम सुरू होतं तेव्हा जावं, पक्ष्यांची त्यांच्याकडची नावं विचारावीत, गेल्या वर्षी अमुक पक्षी कधी आला ते विचारावं. तिथीचा हिशेब तेच शिकवतील.

महाराष्ट्र सरकारनं 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. पाहुणे नुकतेच स्थिरावलेले असतात, त्यामुळे शाळेतल्या मुलांना खाडीवर न्यायला हा आठवडा चांगला. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून ती चालू आहे आणि स्वयंसेवकांच्याच जोरावर चालते. गणनेच्या नोंदीत पक्ष्यांच्या आकड्यांसोबत त्या जागेला असलेले धोकेही लिहिता येतात. काठ्या दिसल्या असतील तर तिथं लिहायचं, भराव दिसला असेल तर तोही. पुढे त्या मिठागराच्या जमिनीचं काय करायचं यावर सुनावणी लागली, तर तिथं पक्षी येत होते हे दाखवायला सलग वर्षांच्या याच नोंदी कामाला येतात. त्यामुळे गणना एकदा करून थांबू नये. वहीत तारखेशेजारी तिथीही लिहावी.